दोन वह्यांच्या मधे हरवलेली पणजी : नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांना खुलं पत्र

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर इथल्या समस्त तीर्थोपाध्याय मंडळींस,

सा. न. वि. वि.

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही भावंडं रामकुंडावर आलो, त्याला आता दोन वर्षं होतील. गाडीतून उतरतो न उतरतो तोच कुणीतरी विचारलं, "गाव कुठलं? आडनाव?" संगमनेर तालुक्यातलं आमचं गाव सांगितलं आणि दहाव्या मिनिटाला आम्ही पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलो होतो. गुरुजींनी लाल कापडाचं बासन सोडलं, लांबोडकी वही मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि पानं उलटायला लागले. एका पानावर बोट थांबलं. त्यांनी वही आमच्याकडे फिरवली.

माझ्या आजोबांची सही होती. आजोबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांचा एक फोटो सोडला तर माझ्याकडे त्यांचं काही नाही. सहीतला शेवटचा र ओळीच्या खाली लांब ओढलेला होता. माझे वडील र अगदी असाच ओढायचे. बँकेच्या फॉर्मवर, माझ्या प्रगतिपुस्तकावर, शेवटी हॉस्पिटलच्या कागदावरही. भावाने ते पाहिलं आणि तो उठून बाहेर गेला.

मागच्या पानांवर पणजोबांचा लेख होता, मोडी लिपीत, दुसऱ्या कुणी लिहून दिलेला. सहीच्या जागी नांगर काढलेला. "निशाणी नांगर," गुरुजी म्हणाले, "लिहिता येत नसेल तर शेतकरी नांगर काढायचे." त्याच्याही मागे आणखी तीन पिढ्या. आमच्या घरात कुणालाही चौथ्या पिढीपलीकडचं नाव ठाऊक नव्हतं आणि ती सगळी नावं तुमच्या एका सहकाऱ्याच्या घरात, लाल बासनात, इतकी वर्षं सांभाळलेली होती. या उपकाराची फेड दक्षिणेने होत नाही, हे आधी मनापासून सांगते. पुढे जे मागणार आहे ते या कृतज्ञतेच्या पोटीच.

तीर्थश्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह झाले. मग पितामही, प्रपितामही. पणजीचं नाव भावाला येईना. मलाही येईना. गुरुजींनी वहीतून सांगितलं. विधी आटोपल्यावर मी विचारलं, "गुरुजी, हिचं माहेर कुठलं?"

त्यांनी पान पुन्हा पाहिलं. मागचं पाहिलं. "ते लिहिलेलं नाही, ताई."

नंतर आमचा नवा लेख लिहायला घेतला. भावाचं नाव, त्याचे दोन मुलगे, चुलतभाऊ, त्यांचे मुलगे. आम्ही दोघी बहिणी शेजारीच बसलो होतो. माझ्या बहिणीने वडिलांचं शेवटचं सगळं केलं होतं, आठ महिने. मी म्हटलं, आमचीही नावं घाला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मुलींची नोंद त्यांच्या सासरच्या उपाध्यायांकडे असते." ते रागावले नाहीत, टाळलंही नाही, परंपरेने जे चालत आलं ते त्यांनी सांगितलं. सासरच्या वहीत मी आहे, तेही नंतर पाहून आले. तिथे मी अमक्याची पत्नी आहे. कुठल्या गावची, कुणाची मुलगी, लग्नाआधीचं नाव काय, यातलं काहीही तिथे नाही.

म्हणजे माहेरच्या वहीत मुलगी लिहायची नाही आणि सासरच्या वहीत माहेर लिहायचं नाही. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत बाई हरवलेली. माझी पणजी तिथेच हरवली होती. हे पत्र त्या मधल्या जागेबद्दल आहे.

तिला शोधायला मला चौदा महिने लागले. ते कसं जमलं हे थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडे रोज जी माणसं "आमची वंशावळ काढायची आहे" म्हणत येतात, त्यांतल्या बहुतेकांना सुरुवात कुठून करायची हे कळत नाही. मलाही कळत नव्हतं. मी आधी इंटरनेटवर आमचं आडनाव टाकून बसले. कुलदैवत, गोत्र, कुठल्या राजघराण्याशी नातं, असलं पुष्कळ मिळालं. माझ्या घराबद्दल एक ओळ मिळाली नाही.

सुरुवात झाली ती आत्याच्या खाटेशेजारी. आत्या ब्याण्णव वर्षांची. पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन बसले आणि विचारलं, "आत्या, आपली वंशावळ सांग." ती म्हणाली, "मला काय ठाऊक गं, बायामाणसांना कोण सांगतं." दुसऱ्यांदा गेले तेव्हा वही पिशवीतच ठेवली आणि विचारलं, "तुझ्या लग्नात रुखवत कुणी कुणी आणलं होतं?" मग ती दोन तास बोलली. कोण कुठल्या गावाहून आलं, कोण रुसलं, कुणाचा बैल वाटेत बसला. फोनवर रेकॉर्ड केलं म्हणून बरं झालं. निम्मं मला पहिल्या ऐकण्यात कळलंच नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना नावं विचारू नयेत, प्रसंग विचारावेत. नावं त्यातून आपोआप येतात. आणि हे आजच करावं. दप्तरं थांबतात, माणसं थांबत नाहीत.

त्या दोन तासांत आत्या सहज एक वाक्य बोलून गेली : "आजीला भाऊ नव्हता ना, ती नागपंचमीला नागोबालाच भाऊ म्हणायची." मी तेव्हा फक्त हसले होते. या वाक्याचं मोल पुढे कळलं.

दुसरी वस्तू माळ्यावर होती. पितळेची मोठी परात, कडेला चेपलेली. आईने ती मोडीत घालायला काढली होती. जुन्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की ती आपण वाचतच नाही. चिंचेने घासली तेव्हा ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली. तीन आद्याक्षरं आणि गाव : पिंपळगाव. आद्याक्षरं आमच्या घराण्यातल्या कुणाशीच जुळत नव्हती. परात लग्नात माहेरहून आलेली असणार.

आता पिंपळगावं महाराष्ट्रात किती! एकेका जिल्ह्यात तीन-तीन, चार-चार. मी एवढाच विचार केला की सव्वाशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या घरातली सोयरीक बैलगाडीने दिवसभरात पोचता येईल एवढ्याच अंतरात होत असे. नकाशावर आमच्या गावाभोवती वर्तुळ काढलं. पिंपळगाव नावाची तीन गावं आत आली, दोन तालुक्यांत.

इथून पुढे कागद. घरात कुणाकडेही सापडेल असा पहिला कागद म्हणजे शाळेचा दाखला. पण त्यावरच्या जन्मतारखेवर विसंबू नका. माझ्या वडिलांची तारीख 1 जून, काकांची 1 जून, आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची 1 जून. शाळा जूनमध्ये उघडायची. मास्तर पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख 1 जून टाकायचे. वडिलांची खरी नोंद तहसील कचेरीतल्या गाव नमुना 14 मध्ये निघाली. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्ममृत्यूची खबर कोतवाल द्यायचा आणि ती तिथे चढायची. वडील डिसेंबरात जन्मले होते. नोंदीत त्यांचं नाव नव्हतं, कारण बारसं व्हायच्या आत खबर गेलेली. फक्त बापाचं नाव, जात आणि पुढे "मुलगा". मृत्यूच्या नोंदीत मात्र नाव असतं, वय असतं, कारण असतं. ताप, देवी, पटकी. एकाच महिन्यात एकाच घरातल्या तीन नोंदी वाचल्या की त्या घरात काय झालं असेल ते सांगायला दुसरं कुणी लागत नाही.

या नमुना 14 चं नाव गेल्या काही वर्षांत सगळ्यांच्या तोंडी आहे. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, राज्यभर दप्तरं सोडली गेली, मोडी वाचणारे जिल्ह्याजिल्ह्यांत बोलावले गेले आणि पुष्कळ नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. आरक्षणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, जुनी दप्तरं ठरवलं तर उघडता येतात, वाचता येतात आणि लोकांसमोर ठेवता येतात, हे त्यातून महाराष्ट्राला दिसलं. मात्र तो सगळा शोध जातीच्या रकान्यातल्या एका शब्दाचा होता. शेजारच्या रकान्यात माणसं आहेत.

पणजीसाठी नमुना 14 उपयोगाचा नव्हता. ती सासरच्या गावात अमक्याची बायको म्हणून वारली होती. आणि इथे आत्याचं वाक्य आठवलं. आजीला भाऊ नव्हता. भाऊ नाही म्हणजे बापाची जमीन कुणाला गेली असेल? मुलगा नाही, बायको आधीच गेलेली, तर त्या काळच्या कायद्यातही मुलीला. आणि जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की फेरफार होतो. गाव नमुना 6. सातबारा आपण सगळेच काढतो, पण सातबारा आजचं सांगतो. कालचं सांगतो तो फेरफार. प्रत्येक फेरफारात कोण मयत झाला, वारस कोण, नातं काय, राहणार कुठले हे लिहिलेलं असतं. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने सातबाऱ्यावरच्या कंसातले फेरफार क्रमांक धरून मागे मागे जावं, यासारखी दुसरी वाट नाही. पुष्कळसे जुने फेरफार आता आपले अभिलेख या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. उरलेल्यांसाठी अर्ज, नकलेची फी आणि रेकॉर्ड रूमच्या दारातला बाक.

एका कचेरीत मला चार वेळा परत पाठवलं. रजिस्टर जीर्ण आहे, पान सुटतं, साहेब नाहीत. पाचव्या वेळी मी डबा घेऊन गेले आणि दुपारभर तिथेच बसले. संध्याकाळी एका कारकुनाने स्वतःहून बासन आणून दिलं आणि माझ्या शेजारी उभं राहून पानं उलटायला मदत केली. दोन्ही अनुभव मला सारखेच लक्षात आहेत.

तिसऱ्या पिंपळगावात सापडली. ब्रिटिश अमदानीतला फेरफार, 1931 सालचा, काळी शाई पिवळी पडलेली. खातेदार मयत. मुलगा नाही. वारस मुलगी, पुढे तिचं नाव, पुढे "कोम" आणि पुढे माझ्या पणजोबांचं नाव, राहणार आमचं गाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. जसं बिन किंवा वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा.

नाव वाचलं आणि मला आधी वाटलं, ही दुसरीच कुणी. कारण तुमच्या वहीत तिचं नाव वेगळं आहे. मग लक्षात आलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने जे नवं नाव लिहितात, ते सासरचं नाव तुमच्या वहीत आहे. फेरफार लिहिणारा माहेरचा तलाठी होता. पिंपळगावात तिला सगळे जन्माच्या नावानेच ओळखत होते, म्हणून त्याने ते लिहिलं. तिच्या सासरी हे नाव कुणाला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. पणजीचं जन्माचं नाव कागदावर उरलं ते एवढ्या एका ओळीत. पुढच्याच फेरफाराने ती जमीन चुलतभावाच्या नावे झाली आहे.

गुरुजी, हे सगळं एका ओळीसाठी. ती ओळ पणजोबा नांगराची निशाणी काढत होते त्या दिवशी कुणी विचारली असती तर मिळाली असती. पणजी बहुधा शेजारीच बसली असेल, जशी मी बसले होते.

म्हणून माझी विनंती. इथून पुढे जो जो लेख लिहाल त्यात घरात आलेल्या प्रत्येक बाईचं जन्माचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, गाव आणि तालुका लिहा. घरातल्या मुली लिहा, दिलेल्याही आणि न दिलेल्याही. दिलेल्यांपुढे त्यांच्या सासरचं गाव लिहा. म्हणजे एका वहीचं टोक दुसऱ्या वहीला बांधलं जाईल. ज्या आल्या असतील त्यांना सही करू द्या. शास्त्राला यात बाध येत नाही. श्राद्धात मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह असे आईकडचे तीन पुरुष तुम्ही आम्हाला उच्चारायला लावताच. आईच्या माहेराचा उच्चार चालतो तर त्याची नोंदही चालावी. तुमच्यापैकी काही घरांत आजोळ लिहिण्याची पद्धत आहे असं ऐकलं आहे. ती सगळीकडे व्हावी.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची माणसं ऊसमळ्यांवर मजुरीला मॉरिशसला गेली. त्यांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत आणि त्यांचे वंशज आजही त्यातून आपलं मूळ गाव शोधतात. जहाजावर चढणाऱ्या मजूर बाईलाही तिच्या बापाचं नाव आणि गाव विचारलं जाई. ते विचारणारे तिच्या कल्याणासाठी विचारत नव्हते, हे मला समजतं. तरी ती नोंद उरली. आपल्या माणसांनी आपल्या बाईला नदीकाठी तेवढं विचारायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट वह्यांच्या जिवाची. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो पाण्याखाली गेला होता. बातम्यांत ते दृश्य पाहताना मला मारुतीपेक्षा मागच्या वाड्यांतल्या वह्यांची काळजी वाटत होती. पूर नसला तरी वाळवी आहे, ओल आहे, भाऊवाटणीत दोन ठिकाणी गेलेली बासनं आहेत. आणि मोडी आहे. मोडी शाळांतून जाऊन सत्तर वर्षं झाली. रेघ आधी ओढायची, अक्षरं तिला लटकावत जायची, ऱ्हस्वदीर्घ पाहायचं नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. सरावाशिवाय ती वाचता येत नाही. आमच्या गुरुजींनी ती सहज वाचली. त्यांचा मुलगा संगणक क्षेत्रात आहे आणि त्याला येत नाही, हे त्यांनीच सांगितलं, जरा खालच्या आवाजात.

वह्यांचे फोटो काढून ठेवा, एवढंच मागते आहे. वह्या कुणाच्या स्वाधीन करा असं मी म्हणत नाही. त्या तुमच्या घराण्यांनी जपल्या, त्यावर तुमचा चरितार्थ आहे, यजमान आणि उपाध्याय यांच्यातल्या विश्वासावर त्या उभ्या आहेत. त्यातल्या नोंदी वारसाच्या दाव्यांत पुरावा म्हणून पुढे येतात, हेही मला ठाऊक आहे, त्यामुळे कुणाही आल्यागेल्याने त्या चाळाव्यात असं नाही. पण चांगल्या उजेडात, पान सपाट धरून काढलेला फोटो तुमच्याच कपाटात, तुमच्याच कुलपात राहू शकतो. बाहेर फक्त एवढं कळावं की अमुक गावच्या अमुक आडनावाचा लेख अमुक सालापासून कुणाकडे आहे. पान पाहायला यजमान तुमच्याच ओसरीवर येईल. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांची, म्हणजे तिथल्या अशाच वह्यांची, मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाहच्या वंशावळी संस्थेने कधीच घेऊन ठेवली आहे. गोदाकाठच्या नोंदींसाठी परक्यांची वाट पाहायला नको. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून जुने कागद सांभाळतं आहे, मोडी शिकलेली तरुण मुलं आता बरीच आहेत. हाक मारलीत तर ती येतील. मी स्वतः मोडीच्या वर्गाला जाते. अजून अडखळते, पण बसून पानांची यादी करण्याइतकं मला येतं. माझे शनिवार-रविवार तुमचे.

एक गोष्ट या पत्रात लिहायची की नाही, याचा मी बराच विचार केला. तुमच्या वह्यांत सगळा महाराष्ट्र नाही. जिथे माझ्या आजोबांनी सही केली तिथून काळाराम मंदिर हाकेच्या अंतरावर आहे; 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, कारण कित्येकांना दार बंद होतं. ज्यांना देवळात येऊ दिलं नाही, त्यांचे लेख कुठून असणार? माझ्या शाळेतली एक मैत्रीण माझं हे वेड बघून म्हणाली, "तुला नाशिक आहे, मला काय आहे?" मग आम्ही दोघी बसलो. तिच्या घराण्याचं महार वतन होतं, ती वतनं 1958 च्या कायद्याने गेली, त्याचे कागद महसुलात आहेत. आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, तिकिटाचा नंबर आजीच्या ट्रंकेत निघाला. चुलतआजोबा फौजेत, त्यांचं पेन्शन बुक. नमुना 14 तिच्यासाठीही आहेच. तिची वंशावळ पाचव्या पिढीपर्यंत गेली. छापील कुलवृत्तांत निघाले ते मोजक्याच समाजांचे. बाकीच्यांना असा कण कण वेचावा लागतो. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैल घेऊन अंगणात येतात आणि पोथी उघडून घराण्याची नावं वाचून दाखवतात; त्यांनाही कुणीतरी बसवून ऐकून घ्यायला हवं. आणि आज जी घराणी पहिल्यांदाच तुमच्या ओसरीवर येतील, त्यांचा पहिला लेख तुम्ही तितक्याच आदराने उघडाल, अशी मला आशा आहे.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण सिंहस्थ. 2015 नंतरचा सिंहस्थ तोंडावर आला आहे. तुमच्या ओसऱ्यांवर पुन्हा सगळा महाराष्ट्र येऊन बसेल आणि गर्दीत लेख घाईने लिहिले जातील; अमुक, त्याचे मुलगे, पुढचं कोण. त्याआधी प्रत्येक यजमानाला एक कागद पाठवता येणार नाही का? येताना काय विचारून यावं, याचा. मोबाइलवर पाठवलात तरी तो गावोगाव फिरेल. मी त्यात लिहिलं असतं : घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी आधी बोलून या. तिच्या आईचं माहेर विचारा, सासूचं माहेर विचारा. लग्नात बदललेली नावं विचारा. माळ्यावरची भांडी पाहा, फोटोंच्या मागची बाजू पाहा, लग्नपत्रिका टाकू नका. जमिनीचे जुने फेरफार काढा. मूळ गाव आजच्या गावापेक्षा वेगळं असेल तर तेही आणा, कारण दुष्काळात, प्लेगात, धरणात पुष्कळ गावं उठली. मराठवाड्यातल्या माणसाने सोबत उर्दू वाचणारा शोधावा, कारण निजामाच्या अमदानीतले महसुली कागद उर्दूत आहेत. कागदावर शके असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर साधारण 590, सुहूर सन असेल तर 599 किंवा 600, म्हणजे इंग्रजी साल येईल. आणि जे कळलं नाही त्या जागी अंदाजाने नाव भरू नका. जागा कोरी ठेवा, पुढे कुणीतरी भरेल.

हा शेवटचा मुद्दा मी कठोरपणे पाळते. शोधताना मोह होतो. आद्याक्षरं जवळपास जुळली की वाटतं, हेच ते. दुसऱ्या पिंपळगावात मला असाच एक खातेदार सापडला होता, आद्याक्षरं जवळपास तीच, काळही तोच, आणि मी आत्याला फोन करून सांगूनही टाकलं होतं. आत्याने विचारलं, "त्याला मुलगे होते का?" होते, चार. मग तो नाही. ब्याण्णव वर्षांच्या, कधी शाळेत न गेलेल्या बाईने माझी चूक एका प्रश्नात धरली.

आत्या आता फारशी उठत नाही. मी तिला तो 1931 चा फेरफार मोठा छापून नेऊन दाखवला. तिला वाचता येत नाही म्हणून नाव मोठ्याने वाचलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी जात्यावर बसली की ओवीत हे नाव घ्यायची. मला वाटायचं, ते तिच्या मैत्रिणीचं."

नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही दोघी बहिणी पंचवटीत त्याच वाड्यात येतो आहोत. गुरुजींना फोन केला आहे. त्यांनी नकार दिलेला नाही. वडिलोपार्जित रीत आहे, घरात बोलून पाहतो म्हणाले. परात सोबत आणते आहे, फेरफाराची नक्कल आणते आहे. पणजीचं जन्माचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. ते आधी तुमच्या वहीत, पणजोबांच्या नांगराशेजारी लिहिलं जावं, अशी इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
आपल्या एका यजमान घराण्यातली लेक